वापरात नसलेल्या ॲट्रिब्यूटलाही इंडेक्स हवा: एलडॅप सर्च वारंवार मंदावण्याचे एक दुर्लक्षित कारण

डिरेक्टरी सर्व्हर अधूनमधून मंदावतो, रीस्टार्ट केला की काही काळ बरा चालतो आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते, हा अनुभव एलडॅप (वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीत शोध घेण्याचा प्रोटोकॉल) सांभाळणाऱ्या बहुतेकांना येतो. लक्षणे ठरलेली असतात. सकाळी कामकाज सुरू होण्याच्या वेळी लॉगिनला विलंब लागतो, मेल सर्व्हरच्या रांगेत पत्रे साचतात आणि सर्व्हरवर पाहावे तर स्लॅपडी या ओपनएलडॅपच्या सर्व्हर प्रोग्रॅमने सगळे सीपीयू कोअर व्यापलेले दिसतात. डिस्क आणि नेटवर्क मात्र जवळजवळ निवांत असतात. दुपारनंतर भार ओसरला की सगळे सुरळीत होते, त्यामुळे तिकीट बंद केले जाते.

अशा वेळी पहिला संशय रॅमवर जातो आणि रॅम वाढवल्यावर थोडा फरक पडतोही, कारण संपूर्ण डेटाबेस मेमरीत मावला की डिस्कवरून वाचण्याचा वेळ वाचतो. परंतु प्रत्येक सर्चसाठी सर्व्हरला जेवढ्या नोंदी उघडून तपासाव्या लागतात, त्यांतली एकही नोंद रॅममुळे कमी होत नाही. डिस्कचा भार सीपीयूवर गेला, एवढाच काय तो बदल. नोंदी वाढत राहतात, नवी ॲप्लिकेशन्स जोडली जातात आणि काही महिन्यांनी आपण पुन्हा त्याच जागी येतो.

या लेखात या समस्येचे एकच कारण घेतले आहे: स्कीमामध्ये, म्हणजे नोंदींत कोणती माहिती असू शकते हे ठरवणाऱ्या नियमांत, व्याख्या आहे, पण डिरेक्टरीतल्या एकाही नोंदीत ज्याचे मूल्य नाही, अशा ॲट्रिब्यूटवर (नोंदीतल्या माहितीच्या रकान्यावर) क्लायंटने केलेला सर्च. इंडेक्स म्हणजे कोणते मूल्य कोणत्या नोंदींत आहे याची आधीच तयार ठेवलेली सूची. विवेचन मुख्यतः एमडीबी बॅकएंडवर (डेटा साठवणाऱ्या भागावर) चालणाऱ्या ओपनएलडॅपविषयी असून 389 डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. ॲट्रिब्यूटची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगमध्ये द्यायची आहेत.

लॉगमध्ये काय शोधावे

ओपनएलडॅपची लॉग पातळी स्टॅट्स, म्हणजे 256, असेल तर प्रत्येक सर्चच्या किमान दोन ओळी उमटतात. पहिल्या ओळीत बेस (कुठून शोधायचे), स्कोप (किती खोलवर) आणि फिल्टर (शोधाची अट) असतो. शेवटच्या ओळीत निकालाचा कोड आणि परत गेलेल्या नोंदींची संख्या, म्हणजे एनएन्ट्रीज. आवृत्ती 2.5 पासून या शेवटच्या ओळीत क्यूटाइम आणि ईटाइम असे दोन आकडेही येतात. ऑपरेशनला रांगेत किती वेळ थांबावे लागले ते क्यूटाइममधून कळते, तर ईटाइम हा लागलेला वेळ असतो. 389 डिरेक्टरी सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये ईटाइम पूर्वीपासून आहे आणि इंडेक्सवाचून झालेल्या सर्चच्या निकालापुढे नोट्स=ए किंवा नोट्स=यू अशी खूणही केलेली असते. ए म्हणजे फिल्टर पूर्णपणे इंडेक्सविना होता, यू म्हणजे अंशतः.

नेहमीच्या पद्धतीने लॉग वाचणारा माणूस जास्त नोंदी परत देणारे सर्च शोधतो, कारण मोठा निकाल म्हणजे मोठे काम असे वाटणे साहजिक आहे. आपल्याला मात्र नेमकी उलटी जोडी शोधायची आहे: एनएन्ट्रीज शून्य, निकालाचा कोडही शून्य म्हणजे त्रुटी नाही, आणि तरीही ईटाइम मोठा. सर्व्हरने भरपूर काम केले आणि हाती काहीच लागले नाही, असा हा सर्च असतो. एकटा पाहिला तर तो निरुपद्रवी वाटतो. मोजणी केली तर दिवसभरात तोच हजारो वेळा आलेला आढळतो.

ओपनएलडॅपच्या लॉगमध्ये काही वेळा एमडीबी-इक्वॅलिटी-कँडिडेट्स या नावाने सुरू होणारी, कंसात ॲट्रिब्यूटचे नाव आणि पुढे ‘नॉट इंडेक्स्ड’ असे लिहिलेली ओळ दिसते. ही ओळ दिसत असेल तर निम्मे काम झाले. पण ती आवृत्तीवर आणि लॉग पातळीवर अवलंबून असल्यामुळे ती नाही म्हणजे सगळे इंडेक्स ठीक आहेत, असा निष्कर्ष काढू नये. खरा पुरावा ईटाइमचाच.

आता लॉगिन का अडते ते पाहू. लॉगिनचा सर्च यूआयडीवर, म्हणजे वापरकर्त्याच्या लॉगिन नावावर, असतो आणि यूआयडीला इंडेक्स असतोच, मग तो का थांबावा? स्लॅपडीमध्ये एका वेळी काम करणाऱ्या थ्रेडची संख्या मूळ सेटिंगनुसार 16 असते. इंडेक्सविना चाललेला प्रत्येक सर्च त्यातला एक थ्रेड पूर्ण स्कॅन होईपर्यंत अडवून ठेवतो. मेल सर्व्हरने असे सोळा सर्च एकदम पाठवले की त्यांच्यामागून आलेला क्षणार्धात संपणारा यूआयडीचा सर्च, इतकेच काय साधा बाइंडसुद्धा (खात्याची ओळख पटवणे), रांगेत उभा राहतो. म्हणून ज्या सर्चविषयी वापरकर्ते तक्रार करतात त्याचा इंडेक्स तपासून काहीच सापडत नाही. त्याचा क्यूटाइम वाढलेला असतो, दोषी सर्च दुसराच असतो. थ्रेड वाढवणे हा यावरचा उपाय नाही. स्कॅन करणारे हात तेवढे वाढतात.

रिकामा ॲट्रिब्यूट महाग का पडतो

फिल्टर मिळाल्यावर सर्व्हर आधी इंडेक्सच्या आधारे संभाव्य नोंदींची यादी करतो आणि मग त्या यादीतली प्रत्येक नोंद उघडून ती फिल्टरला खरोखर जुळते का हे तपासतो. फिल्टरमधल्या एखाद्या अटीला इंडेक्स नसेल तर त्या अटीपुरती यादी म्हणजे डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी, असे सर्व्हरला धरावे लागते. त्या ॲट्रिब्यूटचे मूल्य एकाही नोंदीत नाही हे आपल्याला माहीत असते. सर्व्हरला ते प्रत्येक नोंद उघडल्याशिवाय कळण्याचा मार्गच नसतो. हा मार्ग इंडेक्सने मिळतो. इंडेक्स असेल आणि त्यात शोधलेली किल्ली नसेल तर यादी तिथल्या तिथे शून्य होते आणि एकही नोंद उघडावी लागत नाही.

अनेक अटी एकत्र आल्या की त्यांचा जोड कोणता आहे यावर सगळे ठरते. ‘आणि’ने जोडलेल्या अटींमध्ये यादींचा छेद घेतला जातो, त्यामुळे एका अटीला चांगला इंडेक्स असेल तर दुसरीला नसल्याने फारसे बिघडत नाही. ‘किंवा’ने जोडलेल्या अटींमध्ये यादींची बेरीज होते आणि एका अटीची यादी ‘सगळ्या नोंदी’ असेल तर बेरीजही ‘सगळ्या नोंदी’च येते. बाकीच्या अटींना कितीही उत्तम इंडेक्स असोत, ते वाया जातात.

मेल सर्व्हरकडून येणारा हा फिल्टर घ्या (उभी रेघ म्हणजे ‘किंवा’):

(|(मेल=पत्ता)(मेलअल्टरनेटॲड्रेस=पत्ता))

मेलला इंडेक्स आहे. पर्यायी पत्त्याचा ॲट्रिब्यूट क्यूमेल या मेल सर्व्हरच्या स्कीमातून आलेला आहे, परंतु संस्थेने पर्यायी पत्ते कधी दिलेच नाहीत, म्हणून तो सर्व नोंदींत रिकामा आहे आणि ‘वापरात नाही तर इंडेक्स कशाला’ या सरळ विचाराने त्याला इंडेक्स लावलेला नाही. परिणामी मेलवरचा इंडेक्स असूनही नसल्यासारखा होतो. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आभासी उपनावांच्या तक्त्यात एका प्राप्तकर्त्यासाठी आधी पूर्ण पत्ता, मग डोमेन स्थानिक असेल तर नुसते नाव, आणि शेवटी नुसते डोमेन असे शोधू शकतो. समजा डिरेक्टरीत 80,000 नोंदी आहेत आणि 40 जणांना पाठवलेले एक पत्र आले. प्रत्येकी तीन सर्च धरले तर 120 सर्च होतात आणि 96 लाख वेळा नोंद उघडली जाते, तेही एका पत्रासाठी. 389 डिरेक्टरी सर्व्हरच्या मूळ इंडेक्स यादीत हा ॲट्रिब्यूट समाविष्ट असतो, त्यामुळे तिथे हा विशिष्ट त्रास सहसा होत नाही. नोंदींमध्ये मूल्य असो वा नसो, मेल सर्व्हर हा प्रश्न विचारणार हे त्या यादीत गृहीत धरलेले आहे.

दुसरे उदाहरण एसएसएसडीचे, म्हणजे लिनक्सवर डिरेक्टरीच्या आधारे लॉगिन हाताळणाऱ्या सेवेचे. वापरकर्त्याने लॉगिनच्या जागी ईमेलच्या रूपातले नाव दिले तर एसएसएसडी ते कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेतल्या नावाच्या, म्हणजे प्रिन्सिपलच्या, ॲट्रिब्यूटमध्येही शोधते आणि मेलमध्येही, आणि या दोन अटी ‘किंवा’ने जोडलेल्या असतात. कर्बेरॉसचा स्कीमा ‘पुढे लागेल’ म्हणून लोड करून ठेवलेला आहे पण कर्बेरॉस प्रत्यक्षात सुरू केलेले नाही, अशा ठिकाणी हा सर्च तुलनेने लहान असलेल्या पॉझिक्सअकाउंट ऑब्जेक्टक्लासच्या (युनिक्स खाते या प्रकारच्या नोंदींच्या) यादीपुरता तरी मर्यादित राहतो, कारण ती अट बाहेरून ‘आणि’ने जोडलेली असते. मात्र डिरेक्टरीतल्या जवळजवळ सगळ्या नोंदी पॉझिक्सअकाउंटच असतील तर ती मर्यादा नावापुरतीच उरते.

स्कीमा लोड केल्यावर सर्च मंदावतो तो का

या समस्येतला सर्वांत चकवणारा भाग हा आहे आणि माझ्या मते ती ‘वारंवार’ उद्भवण्याचे मुख्य कारणही हेच आहे. एलडॅपचे प्रमाण ठरवणाऱ्या आरएफसी 4511 (2006) नुसार फिल्टरमधल्या अटीचे उत्तर खरे, खोटे किंवा अव्याख्यात असे तीन प्रकारचे असू शकते. ज्या ॲट्रिब्यूटची सर्व्हरच्या स्कीमामध्ये व्याख्याच नाही त्यावरची अट अव्याख्यात ठरते. ओपनएलडॅप अशा अटीसाठी संभाव्य नोंदींची यादी थेट रिकामी धरतो आणि लॉगमध्ये त्या अटीच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह छापतो. म्हणजे अजिबात अनोळखी ॲट्रिब्यूटचा सर्च फुकट पडतो आणि ओळखीच्या पण रिकाम्या ॲट्रिब्यूटचा सर्च सर्वांत महाग पडतो.

त्यामुळे घडते ते असे. क्लायंटचा फिल्टर अनेक वर्षे तोच असतो आणि त्यातली एक अट अव्याख्यात असल्याने सर्च जलद चालत असतो. मग कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी नवा स्कीमा लोड करतो. डेटामध्ये एक अक्षर बदललेले नसते, इंडेक्स तसेच असतात, क्लायंटला कोणी हात लावलेला नसतो. फक्त त्या अटीपुढचे प्रश्नचिन्ह जाते आणि त्या क्षणापासून प्रत्येक सर्च पूर्ण डेटाबेस चाळू लागतो. पोस्टफिक्सच्या एलडॅप तक्त्यात फिल्टर लिहिला नाही तर तो मेलॲक्सेप्टिंगजनरलआयडी या ॲट्रिब्यूटवर शोधतो. हा ॲट्रिब्यूट नेहमीच्या स्कीमांमध्ये नसतो, म्हणून विसरून गेलेला, काहीच न सापडणारा असा एखादा तक्ता वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पोस्टफिक्ससाठीचा स्कीमा कोणी आणून लोड केला की तोच तक्ता सर्व्हर खाऊ लागतो.

म्हणून मंदावल्याची तारीख शोधताना डेटातल्या बदलांबरोबर स्कीमातल्या बदलांचाही इतिहास पाहावा. जुन्या लॉगच्या प्रती असतील तर एकच फिल्टर आधी प्रश्नचिन्हासह आणि नंतर त्याशिवाय आलेला दिसणे हा निर्विवाद पुरावा आहे. 389 डिरेक्टरी सर्व्हरमध्ये स्कीमाबाहेरच्या ॲट्रिब्यूटचे काय करायचे हे नव्या आवृत्त्यांत एनएसस्लॅपडी-व्हेरिफाय-फिल्टर-स्कीमा या सेटिंगने ठरते. प्रोसेस-सेफ हे मूल्य असेल तर अशी अट रिकामी धरली जाते आणि लॉगमध्ये नोट्स=एफ उमटते; जुन्या आवृत्त्यांत मात्र अनोळखी ॲट्रिब्यूटसुद्धा पूर्ण स्कॅनला कारणीभूत ठरू शकतो.

उपाय करण्याआधीची खात्री

ॲट्रिब्यूट खरोखर रिकामा आहे का हे पाहण्यासाठी (ॲट्रिब्यूट=*) असा सर्च चालत्या सर्व्हरवर करण्याचा मोह आवरावा, कारण जे टाळायचे आहे तेच आपण करतो. निकालाची मर्यादा 1 ठेवली तरी उपयोग नाही. ॲट्रिब्यूट रिकामा असेल तर एकही नोंद नाही हे सांगण्यासाठी सर्व्हर शेवटपर्यंत जाणारच. त्यापेक्षा रात्री घेतलेल्या स्लॅपकॅट या निर्यातीच्या आज्ञेच्या एलडीआयएफ (मजकूर स्वरूपातल्या) प्रतीत ते नाव शोधावे. एमडीबीवर स्लॅपकॅट सर्व्हर चालू असतानाही घेता येते. शोधताना नाव ओळीच्या सुरुवातीला आहे एवढेच पाहावे आणि पुढच्या चिन्हावर अडू नये, कारण बेस64 मूल्यापूर्वी दोन अपूर्णविराम येतात आणि भाषेसारखा पर्याय जोडलेला असेल तर नावापुढे अर्धविराम येतो. अक्षरांच्या लहान-मोठेपणाकडेही दुर्लक्ष करावे. एकाच ॲट्रिब्यूटला दोन नावे असतील तर निर्यातीत स्कीमामधले पहिले नाव येते. क्लायंट आरएफसी822मेलबॉक्स विचारत असेल तर प्रतीत तुम्हाला मेल शोधावे लागेल.

ॲट्रिब्यूट पूर्ण रिकामा न निघता चार-दोन नोंदींतच निघाला तरी पुढचे विवेचन तसेच लागू पडते.

त्यानंतर फिल्टरमध्ये त्या ॲट्रिब्यूटवर कोणत्या प्रकारची अट आहे ते लॉगवरून लिहून काढावे. नेमके मूल्य विचारले जात असेल तर ईक्यू, नुसते अस्तित्व विचारले जात असेल तर प्रेझ, आणि तारांकित तुकडा विचारला जात असेल तर सब, असा अटीप्रमाणे इंडेक्सचा प्रकार ठरतो. ईक्यू लावला आणि क्लायंट तारांकन वापरतो, तर काहीही सुधारत नाही. ‘इंडेक्स लावूनही फरक नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात. प्रेझ इंडेक्स सहसा लावू नये असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि बहुतेक नोंदींत असणाऱ्या ॲट्रिब्यूटसाठी तो रास्तच आहे, कारण त्याने यादी लहान होतच नाही. रिकाम्या ॲट्रिब्यूटच्या बाबतीत नेमके उलट घडते: प्रेझ इंडेक्समुळे अस्तित्वाच्या प्रश्नाला एका क्षणात ‘कोणीही नाही’ असे उत्तर मिळते.

सब इंडेक्सच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. ओपनएलडॅपच्या मूळ सेटिंगनुसार मधल्या तुकड्याची किमान लांबी 4 अक्षरे असते, तर सुरुवातीच्या व शेवटच्या तुकड्यासाठी 2 अक्षरे पुरतात. 389 डिरेक्टरी सर्व्हरमध्ये मधल्या तुकड्यासाठी 3 अक्षरे लागतात. पत्तापुस्तिकेच्या शोधपेटीत दोन अक्षरे टाइप होताच दोन्ही बाजूंना तारे लावून सर्च पाठवणाऱ्या ॲप्लिकेशनला कोणताही इंडेक्स वाचवू शकत नाही. किमान तीन-चार अक्षरे येईपर्यंत थांबण्याची सोय त्या ॲप्लिकेशनमध्येच करून घ्यावी लागते.

नकारार्थी अटींचेही तसेच आहे. ओपनएलडॅप ‘नाही’ या अटीसाठी इंडेक्स वापरत नाही आणि तिची यादी सगळ्या नोंदींची धरतो. ती ‘आणि’च्या आत दुसऱ्या चांगल्या अटीसोबत असेल तर सोडून द्यावी. एकटी किंवा ‘किंवा’च्या आत असेल तर फिल्टरच बदलावा लागतो, तिच्यासाठी इंडेक्स लावण्यात वेळ घालवू नये.

इंडेक्स लावणे

ओपनएलडॅपचे कॉन्फिगरेशन सीएन=कॉन्फिग या सर्व्हरच्या आतल्याच शाखेत असेल तर संबंधित डेटाबेसच्या नोंदीत ओएलसीडीबीइंडेक्सचे नवे मूल्य जोडले की पुरते. सर्व्हर पार्श्वभूमीवर सगळ्या नोंदी एकदा वाचून इंडेक्स तयार करतो आणि रीस्टार्टची गरज पडत नाही. ॲट्रिब्यूट रिकामा असला तरी हे एक पूर्ण वाचन होतेच, म्हणून ते गर्दीच्या वेळी करू नये आणि पूर्ण होण्याआधी निष्कर्ष काढू नयेत. स्कीमामध्ये त्या ॲट्रिब्यूटला समानतेचा किंवा तुकड्याचा नियमच दिलेला नसेल तर सर्व्हर तो इंडेक्स नाकारतो. अशा वेळी चूक आपल्या ओळीत नसून त्या स्कीमाच्या व्याख्येत असते.

जुन्या पद्धतीची स्लॅपडी.कॉन्फ फाइल वापरात असेल तर क्रम पाळणे महत्त्वाचे आहे: स्लॅपडी थांबवावा, फाइलमध्ये ओळ घालावी, स्लॅपइंडेक्स चालवावा आणि मगच स्लॅपडी सुरू करावा. स्लॅपइंडेक्सला ॲट्रिब्यूटचे नाव देता येते, त्यामुळे सगळे इंडेक्स नव्याने बांधण्याची गरज नसते. ओळ घालून नुसता रीस्टार्ट केला तर सर्व्हर अर्धवट इंडेक्सवर विश्वास ठेवतो आणि आधीपासून असलेल्या नोंदी सापडेनाशा होतात. ॲट्रिब्यूट पूर्ण रिकामा असेल तर हे झाकले जाते आणि कोणाला कळतही नाही. चार नोंदींत मूल्य असेल तर त्या चार जणांचे मेल परत जाऊ लागते. स्लॅपइंडेक्सची आज्ञा स्लॅपडी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच नावाने चालवावी. रूटने चालवल्यास फाइलींची मालकी बदलून सर्व्हर सुरू न होण्याचा प्रसंग येऊ शकतो.

389 डिरेक्टरी सर्व्हरमध्ये डीएसकॉन्फच्या बॅकएंड इंडेक्स ॲड या आज्ञेने ॲट्रिब्यूट आणि प्रकार द्यावा व त्याच आज्ञेला रीइंडेक्सचा पर्याय जोडावा. इथे तपासणीच्या वेळी एक फसगत होते. लुकथ्रूलिमिट या सेटिंगचे मूळ मूल्य 5000 आहे, म्हणजे तेवढ्या नोंदी तपासूनही काम संपले नाही तर सर्व्हर सर्च सोडून देतो आणि कोड 11 परत करतो. डिरेक्टरी मॅनेजरला ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे प्रशासक स्वतःच्या खात्याने तोच फिल्टर चालवतो तेव्हा सर्च हळू का होईना पूर्ण होतो, आणि ॲप्लिकेशनच्या खात्याला मात्र त्रुटी मिळते. तपासणी नेहमी ॲप्लिकेशनच्याच बाइंड खात्याने करावी.

लेखनाचा खर्च किती वाढेल, हा आक्षेप इथे हमखास घेतला जातो. इंडेक्सची किंमत नोंद लिहिताना पडते हे खरे, पण ती त्या ॲट्रिब्यूटचे मूल्य लिहिले जाते तेव्हाच पडते. रिकाम्या ॲट्रिब्यूटचा इंडेक्सही रिकामा, त्यामुळे डिस्कवरची जागा आणि लेखनाचा वेळ या दोन्हींत मोजण्याजोगा फरक पडत नाही. याचा अर्थ स्कीमामधल्या प्रत्येक ॲट्रिब्यूटला इंडेक्स लावत सुटावे असा नव्हे. ओपनएलडॅपच्या एमडीबी बॅकएंडमध्ये एका डेटाबेसखालच्या अशा तक्त्यांना 128 ची मर्यादा आहे आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा लॉगमध्ये एकही सर्च नाही त्याचा इंडेक्स हा पुढच्या प्रशासकासाठी निव्वळ कोडे ठरतो.

रिकामा ॲट्रिब्यूट उद्या भरला जाऊ लागला तर काय, याचाही विचार आजच करावा. पर्यायी पत्त्यासारखी प्रत्येकाची वेगळी मूल्ये आली तर इंडेक्स अधिकच उपयोगी ठरेल. सगळ्यांना एकच मूल्य, उदाहरणार्थ ‘सक्रिय’, दिले गेले तर एका किल्लीखाली प्रचंड यादी तयार होते. ओपनएलडॅपमध्ये ती सुमारे 65,000 नोंदींपलीकडे गेली की नेमकी यादी न राहता नुसती ‘इथपासून तिथपर्यंत’ अशी पट्टी उरते आणि इंडेक्सचा फायदा जवळजवळ संपतो.

फिल्टरच दुरुस्त करता येत असेल तर तो मार्ग अर्थातच अधिक स्वच्छ आहे. पोस्टफिक्सच्या तक्त्यातून निरुपयोगी अट काढून टाकावी, डोमेन पॅरामीटर देऊन परक्या डोमेनचे पत्ते एलडॅपपर्यंत पोहोचूच देऊ नयेत आणि सर्चचा बेस संपूर्ण वृक्षाऐवजी माणसांच्या शाखेपुरता ठेवावा. पण अनेक व्यापारी ॲप्लिकेशन्समध्ये फिल्टर संहितेतच कोरलेला असतो आणि पुरवठादाराला पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्यात महिने जातात. इंडेक्स आपल्या हातात असतो, म्हणून तो आधी लावावा.

झाल्यावर पडताळा आणि समस्या परत येण्याची वाट

इंडेक्स तयार झाल्यावर लॉगमधून उचललेला तोच फिल्टर त्याच खात्याने चालवावा. एनएन्ट्रीज पूर्वीइतकीच राहून ईटाइम कोसळला पाहिजे. मूल्य असलेल्या नोंदी असतील तर त्यांतली एखादी मुद्दाम शोधून ती सापडते का हेही पाहावे. 389 डिरेक्टरी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग बफर होऊन लिहिला जातो, त्यामुळे ओळ लगेच दिसली नाही तर घाबरून दुसरा बदल करू नये, थोडे थांबावे.

एवढे करूनही ‘कधी जलद, कधी हळू’ अशी तक्रार राहिली तर प्रतिकृती तपासाव्यात. डेटाची प्रतिकृती होते, इंडेक्सच्या सेटिंगची मात्र सहसा होत नाही. प्रत्येक सर्व्हरवर ती स्वतंत्रपणे लावावी लागते. लोड बॅलन्सरमागे तीन सर्व्हर असतील आणि इंडेक्स दोनावरच असेल, तर तीनातला एक सर्च मार खातो आणि वापरकर्त्याला ते नशिबावर अवलंबून असल्यासारखे वाटते. नवी प्रतिकृती उभी करताना जुन्या टेम्प्लेटवरून केली की हाच दोष पुन्हा शिरतो. त्यामुळे सर्व सर्व्हरवरच्या इंडेक्सच्या याद्या रोज रात्री काढून त्यांची आपापसांत तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट कुठल्याही महागड्या मॉनिटरिंगपेक्षा जास्त उपयोगाची आहे. त्याच स्क्रिप्टमध्ये दिवसभराच्या लॉगमधले एनएन्ट्रीज शून्य आणि ईटाइम मोठा असलेले फिल्टर, त्यांतली मूल्ये काढून टाकून, नुसत्या साच्यांनुसार मोजून घ्यावेत. नवे ॲप्लिकेशन जोडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्याचा साचा या यादीत वर आलेला दिसतो. 389 डिरेक्टरी सर्व्हरसोबत येणारी लॉगकॉन्व्ह ही स्क्रिप्ट इंडेक्सविना झालेल्या सर्चची अशी मोजणी तयारच देते.

इंडेक्सविना सर्च मुळातच नाकारण्याची सोय दोन्हीकडे आहे: 389 डिरेक्टरी सर्व्हरमध्ये रिक्वायर-इंडेक्स हे सेटिंग, तर ओपनएलडॅपमध्ये लिमिट्समधील साइझ.अनचेक्ड, ज्यात संभाव्य नोंदींची यादी ठरावीक संख्येपेक्षा मोठी झाली तर सर्च थांबवला जातो. ही सोय उपयुक्त आहे, परंतु वरची मोजणी काही आठवडे चालवून सगळे साचे माहीत झाल्याखेरीज ती चालू करू नये. मंद चालणारे मेल आणि परत जाणारे मेल यांत वापरकर्ते पहिले पसंत करतात.

राहता राहिला इंडेक्स काढण्याचा प्रश्न. ॲप्लिकेशन बंद झाल्यावर त्याच्यासाठी लावलेला इंडेक्स काढायला हरकत नाही, पण त्याआधी त्या ॲट्रिब्यूटवरचे सर्च लॉगमधून खरोखर थांबले आहेत का हे पुरेशा लांब कालावधीसाठी पाहावे. प्रवेशप्रक्रिया, वार्षिक हिशेब, परीक्षेचे निकाल अशी कामे वर्षातून एकदाच चालतात आणि त्यांचे फिल्टर एरवीच्या लॉगमध्ये दिसत नाहीत. रिकामा इंडेक्स ठेवण्याला जवळजवळ काहीच खर्च नसल्यामुळे शंका असेल तर तो राहू द्यावा, आणि तो कोणत्या ॲप्लिकेशनच्या कोणत्या फिल्टरसाठी लावला होता ही ओळ कॉन्फिगरेशनच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहून ठेवावी.